मी केलेली लागण

विमल न्हाणीतून बाहेर आली नाही, तिथूनच तिनं मला हाक मारली. मी गोणपाटाचा पडदा बाजूला करून आत गेले तर तिनं बोटानं खाली दाखवलं. न्हाणीच्या दगडावर तिची लघवी साचली होती आणि ती लाल होती. रक्तासारखी नव्हे, कोऱ्या चहासारखी. "आक्का, हे माझ्यातून आलंय," ती म्हणाली. तिचं तोंड सकाळपासून सुजलेलं होतं. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या आणि त्या फटींतून ती माझ्याकडं बघत होती. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुवानं भरलेले फोड होते. काही फुटून खपल्या धरलेले, काही ताजे. मी तांब्याभर पाणी ओतलं, दगड धुतला आणि तिला धरून आत आणलं. मायनं तिला बघितलं आणि म्हणाली, शहरातल्या अन्नाची गर्मी हाय, धन्याचं पाणी द्या. घरात पाच माणसं होती, त्यातलं एक मांडीवरचं. हे कशामुळं झालं ते एकट्या मला माहीत होतं, कारण ते मी केलं होतं.

आमचं गाव राजूरपासून दोन कोसांवर. घर म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची ओसरी, मागं न्हाणी. खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो शेजारी शेजारी, त्यांच्याखाली धान्याची रिकामी कणगी, आणि दोरीवर गोधड्या. मी थोरली, विमल माझ्याहून अडीच वर्षांनी धाकटी, आणि तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाळू. मी चौथी पास झाले त्याच उन्हाळ्यात बाळू झाला. पाचवीची शाळा राजूरला होती. मायनं मला समोर बसवून सांगितलं की मी शाळेत गेले तर पोराला कोण घेईन, इमलला त्याचं वजन झेपत न्हाई. ते खरंच होतं. विमल बारीक, नाजूक, दोन घागरी आणल्या की धापा टाकणारी. मी हाडापेरानं दणकट. माझी शाळा मी मठ्ठ होते म्हणून सुटली नाही, माझी कंबर मजबूत होती म्हणून सुटली. बाळूला मी डाव्या कमरेवर दोन वर्षं वागवला. आज डॉक्टर माझा फोटो काढून म्हणतात की आजी, तुमचं कंबरडं एका बाजूला कललंय. मी म्हणते, त्या बाजूला माझा भाऊ बसायचा.

विमल चौथीत गेली तशी गुरुजी घरी यायला लागले. जालन्याला आपल्या समाजातल्या लोकांनी मुलींसाठी वसतिगृह काढलंय, राहणं-जेवण फुकट, एका घरातून एकच मुलगी घेतात, विमलला पाठवा, असं ते बाला सांगत. मी चुलीपुढं बसून ऐकायची. तेराचा पाढा विमलला येत नव्हता. मला एकोणतीसपर्यंत येत होते आणि आजही येतात. पत्र वाचायचं असलं की गल्लीतल्या बाया माझ्याकडं यायच्या. पण गुरुजींनी माझ्याकडं बघितलंही नाही, कारण मी शाळेतून उठून दोन वर्षं झाली होती आणि माझ्या कमरेवर पोर होतं. हेवा हा शब्द पुस्तकातला आहे. मला जे होत होतं ते पोटात होत होतं, शिळी भाकरी खाऊन होतं तसं. मायनं विमलला नवा परकर शिवला तेव्हा उरलेल्या कापडाची बाळूला टोपी केली. मला काही केलं नाही. मी तसं बोलले तर माय म्हणाली, तुला कुठं जायचंय?

ते दुष्काळाचं साल होतं. माय आणि बा पाझर तलावाच्या कामावर जायचे. बा माती ओढायचा, माय खडी फोडायची. मीही जायची, बाळूला घेऊन. तिथं पोरांसाठी पळसाच्या डहाळ्यांचा मांडव घातलेला होता. वीस-पंचवीस लेकरं त्यात दुपारी एकमेकांना चिकटून झोपायची आणि माझ्यासारख्या चार-पाच पोरी त्यांना राखायच्या. दिवसभर हातोड्यांचा आवाज. शंभर बाया एकाच वेळी दगड फोडतात तेव्हा तो आवाज पावसासारखा लागतो, पण पाऊस नसतो. दुपारी सरकारकडून पिठाची सुकडी मिळायची, गोडसर, घशात चिकटणारी. रात्री घरी लाल मिलोची, परदेशी ज्वारीची, भाकर. ती थापताना फुटायची आणि खाताना दातांत करकरायची. पाण्याचे असे हाल होते की आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही सगळ्यांची मिळून दोन घागरींत. त्या मांडवात मला खरूज लागली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटावर, मग कमरेला, जिथं परकराची नाडी बसते तिथं. दिवसा बरी असायची. आडवं झालं की चालू. अंगात कुणीतरी सुया घेऊन फिरतंय असं वाटायचं. मी खाजवायला लागले की बा अंधारातून माझं नाव घेऊन म्हणायचा, गये, भिंत खरडून राह्यली का?

मायचं म्हणणं एकच, गर्मी हाय, रगत नासलं. तिनं माझा गूळ आणि वांगं बंद केलं. त्या साली घरात गूळही नव्हता आणि वांगंही नव्हतं, त्यामुळं ते बंद करायला काही त्रास पडला नाही. अंगाला करंजीचं तेल लावलं, लिंबाचा पाला चोळला. खरूज तिथंच.

मग कामावर नर्सबाई यायला लागल्या. राजूरला त्यांची खोली होती, तिथून कधी बैलगाडीनं तर कधी चालत यायच्या. त्या नाशिककडच्या, बोलणं शहरी, लुगड्याला पिन. मांडवात येऊन त्यांनी एकेका लेकराचे हात उलटे करून बघितले, मग माझे बघितले. बोटं फाकवून त्यांनी मला एक बारीक रेघ दाखवली, केसाएवढी, वाकडी. म्हणाल्या, "ही बघ. ह्या रेघेच्या टोकाला किडा आहे. उवेपेक्षा लहान, डोळ्याला दिसत नाही. कातडीत बीळ करतो, अंडी घालतो. गर्मी नाही, रक्त नाही, काही नाही. ही लागण आहे." मी विचारलं, लागण म्हणजे? त्यांनी सांगितलं की एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. जवळ झोपलं, हातात हात धरून बसलं, एकमेकांचे कपडे घातले, की जाते. कोणी घाणेरडं असतं म्हणून होत नाही, जवळ असतं म्हणून होते.

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. दुधासारखं पांढरं औषध, वास असा की नाकातून डोक्यात जावा. माझ्या मायला बोलवायला सांगितलं, पण मुकादम बायांना उठू देईना, म्हणून सगळं मलाच सांगितलं आणि दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज असो की नसो. मानेपासून तळपायापर्यंत. तीन दिवस लावायचं, मधे आंघोळ नाही, चौथ्या दिवशी आंघोळ. त्या दिवशी घरातले सगळे कपडे उकळायचे, गोधड्या उन्हात टाकायच्या. बाळाला निम्मं पाणी घालून लावायचं. घरात कोण कोण आहे असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, धाकटी बहीण वसतिगृहात जाणार आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तिला तर आधी लाव. तिथं दाखल करताना डॉक्टर मुलींचे हात बघतात. खरूज असली की परत पाठवतात."

एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या भल्यासाठीच म्हणाल्या.

घरी आल्यावर मी भाकरी खाताना म्हणाले की नर्सबाईनं सांगितलं, ही लागण हाय. बानं तोंडातला घास गिळला आणि विचारलं, "कशाची? कांद्याची का मिरचीची?" आमच्याकडं लागण म्हणजे रोपं लावणं. माय हसली, विमल हसली, बाळूही हसला, त्याला काय कळलं कोण जाणे. बा पुढं म्हणाला, "लागण झाली म्हंता, मंग निंदायला कवा यायचं?" आणि ते परत हसले. ते हसले म्हणून मी पुढचं सांगितलं नाही, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. बाटली मी घरात यायच्या आधीच परकरात लपवली होती. दुसऱ्या दिवशी ती कणगीत टाकली. त्या साली कणगीत हात घालायचं कुणाला कारण नव्हतं.

कांद्याची लागण मला चांगली ठाऊक होती. पाटलाच्या विहिरीवरच्या मळ्यात मी रोजानं जात होते. रोप बोटांत धरायचं, मातीत खोच करायची, मूळ आत सोडायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. ते आपोआप होत नाही. कुणीतरी हातानं लावतं तेव्हाच लागण होते. मी त्या दिवसापासून विमलच्या शेजारी झोपायला लागले. आधी आमच्यात मायची जागा असायची. मी म्हणाले, बाळूच्या लाथा बसतात, मी इमलकडं झोपते. एकाच गोधडीत, तिच्या पोटावर हात टाकून. दिवसा तिची वेणी घालून द्यायची, तिच्या बोटांत बोटं अडकवून पाण्याला जायची. एकदा माझा परकर फाटलाय म्हणून तिचा जुना घातला आणि दोन दिवसांनी तिला परत दिला, न धुता. पाणी नव्हतंच, कुणाला वेगळं वाटलं नाही. मायला बरं वाटत होतं. शेजारणीला सांगत होती की पोरगी जायची म्हणून थोरलीला लई लागून राह्यलंय.

रोज सकाळी मी विमलचे हात बघायची. पाढे म्हणताना बोटं मोजायला सांगायची, म्हणजे बेचकी दिसावी. काही नाही. गव्हाच्या लोंबीसारखी स्वच्छ बोटं. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना होत आला. मी मात्र खाजवून रक्त काढत होते. मला खरंच वाटायला लागलं की किड्यालाही निवड कळते, गुरुजींना कळते तशी. तो माझ्यात राहील, तिच्यात जाणार नाही.

जायच्या दिवशी बाबरोबर मीही गेले जालन्याला. पेटी धरायला कुणीतरी पाहिजे होतं आणि बाच्या पाठीत माती ओढून उसण भरली होती. राजूरपर्यंत मी पत्र्याची पेटी डोक्यावर नेली. आत विमलचे दोन परकर, एक गोधडी, पाटी, आणि मायनं दिलेला तिखटाचा डबा. चालताना तो पेटीत खडखडत होता. एसटीत मी पहिल्यांदा बसले. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला मालाच्या गोण्यांनी भरलेली दुकानं, हमाल, सायकली, आणि एका खोलीत कुणाला नको असताना जळणारा विजेचा दिवा मी बघितला, दिवसाढवळ्या. वसतिगृहात ओळीनं पेट्या लावलेल्या होत्या, भिंतीवर फळा होता, आणि फळ्यावर कुणीतरी खडूनं एक नदी काढली होती, तिच्या काठाकाठानं गावांची नावं. ती नदी मला अजून दिसते. डॉक्टर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. मुली एकेक करून हात पुढं करत होत्या. मी माझे हात बगलेत दाबून उभी. विमलचा नंबर आला. त्यांनी तिची बोटं फाकवली, उलटी केली, मनगट बघितलं आणि म्हणाले, "छान. जा आत."

एक मुलगी पळत आली, विमलच्या वयाची, बाजूचे दोन दात पडलेले. तिनं माझ्या हातातून पेटीची एक कडी घेतली आणि विमलला म्हणाली, "माझ्याशेजारी जागा हाय, तिथं झोप. माझं नाव द्वारका." दोघी पेटी घेऊन आत गेल्या. विमलनं वळून बघितलं. मी बघितलं नाही असं केलं.

घरी येऊन मी कणगीतून बाटली काढली आणि एकटीनं लावली. आता कशाला ठेवायची? जळजळ अशी झाली की मी ओसरीत नाचले. तीन दिवसांनी खाज अर्धी झाली, पंधरा दिवसांत गेली. मग बाळूच्या तळहातांवर पुटकुळ्या आल्या. मग मायच्या कमरेला. आणि मग परत माझ्या. नर्सबाई एकाच दिवशी सगळ्यांनी का म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं. एकानं घर झाडलं आणि चौघांनी नाही, तर कचरा परत त्याच्याच दारात येतो. पण बाटली संपली होती आणि दुसरी मागायला तोंड नव्हतं.

आषाढात कार्ड आलं. पोस्टमन बाच्या हातात देऊन गेला, बानं ते माझ्या हातात दिलं. वसतिगृहाच्या बाईंचं अक्षर गोल, सुरेख. लिहिलं होतं की आपल्या मुलीच्या अंगावर खरूज व फोड झाले असून शेजारच्या मुलींनाही लागण झाली आहे, तरी मुलीस बरी होईपर्यंत घेऊन जावे. मी मोठ्यानं वाचलं. लागण हा शब्द आला तेव्हा या वेळी बा हसला नाही. आणि मला आनंद झाला. लिहूनच टाकते, माझं वय झालं, आता कुणाला घाबरायचंय. मला एवढा आनंद झाला की मी ते कार्ड परत एकदा वाचलं, बाला नीट ऐकू आलं नसेल असं दाखवून. तो आनंद मला बा विमलला घेऊन येईपर्यंत पुरला, म्हणजे दीड दिवस. ती ओसरीत आली तेव्हा तिच्या हातांना चिंध्या बांधल्या होत्या आणि चिंध्यांना पू लागला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिचं तोंड सुजलं आणि न्हाणीतला दगड लाल झाला.

मी बाळूला कमरेवर घेतलं आणि राजूरला निघाले. मायला म्हणाले, धने आणते. दोन कोस मी कशी गेले ते आठवत नाही. बाळू वाटेत दोनदा रडला आणि एकदा माझ्या अंगावर हागला एवढं आठवतं. नर्सबाई दारातच कुणाला तरी गोळ्या मोजून देत होत्या. मी सांगितलं, बहिणीचं तोंड सुजलंय, लघवी लाल होते. त्यांनी गोळ्या तशाच ठेवल्या. अंगावर फोड आहेत का, विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी बाळूचे तळहात बघितले, माझे हात बघितले, आणि मग माझं तोंड बघितलं.

"मी औषध दिलं होतं ना? सगळ्यांना एकाच दिवशी म्हणाले होते. आईला सांगितलंस?"

"न्हाई."

"विसरलीस?"

"न्हाई. तिला लागावी म्हणून."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही, मार न बसल्याचं बरंच वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या की नुसत्या खरजेनं असं होत नाही. खाजवून फोड पिकतात आणि त्यातलं विष कधीकधी मूत्रपिंडात उतरतं. बहुतेक लेकरं वाचतात. मी बहुतेक हा शब्द धरून बसले. मग मी विचारलं, मी महिनाभर तिच्याजवळ झोपले, डॉक्टरांनी बघितलं तेव्हा कामून दिसली न्हाई? त्या पिशवी भरता भरता म्हणाल्या, "पहिल्यांदा होते तेव्हा महिना-दीड महिना काहीच दिसत नाही. किडा आत असतो, खाज नंतर येते. तुझं काम तेव्हाच झालं होतं."

त्या माझ्याबरोबर चालत आल्या, विमलला बघितलं आणि त्याच संध्याकाळच्या एसटीनं तिला आणि मायला घेऊन जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. मी काय बोलले ते त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. जाताना एक मोठी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू लाव. सगळ्यांना. तुझ्या हातानं. तुझ्या आईला मी तिथं लावते."

दुसऱ्या दिवशी मी बाला ओसरीत उभं केलं. तो म्हणाला, मला बिलकुल खाज न्हाई, कामून लावू? मी म्हणाले, येईन. महिन्यानं येईन. तो म्हणाला, तू काय ज्योतिष शिकली? मी म्हणाले, सदरा काढ. बापाला मी असं कधी बोलले नव्हते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सदरा काढला. मानेपासून तळपायापर्यंत मी त्याला लावलं. पाठीवर माती ओढायच्या पट्ट्याचे वळ होते, त्यावर औषध झोंबलं तेव्हा त्यानं दात आवळले, पण हलला नाही. बाळूला निम्मं पाणी घालून लावलं, तो गाव गोळा होईल असा रडला. मग मी स्वतःला लावलं. पाऊस झाल्यामुळं आता पाणी होतं. चौथ्या दिवशी शेजारणीचा मोठा हंडा मागून आणला आणि घरातली प्रत्येक चिंधी उकळली, दोरीवरची, अंगावरची, बाळूची ती नव्या कापडाची टोपीसुद्धा. गोधड्या कुडावर टाकल्या, ऊन येईल तेव्हा उलटल्या, सर आली की आत ओढल्या. शेजारीण म्हणाली, कुणी मेलं का काय तुमच्यात? मी म्हणाले, अजून न्हाई.

माय दवाखान्यात होती तेव्हा मला दिवसातून दहादा असं वाटायचं की एसटीतून ती एकटी उतरेल. तसं वाटायचं आणि तरी, हेही लिहिते, विमलच्या पेटीतली पाटी मी काढून घेतली होती आणि तिच्यावर मी रोज ती नदी काढत होते. भीतीनं हेवा जातो असं नाही. दोन्ही एका घरात राहतात.

विमल तीन आठवड्यांनी आली. इंजेक्शनं झाली होती, सूज उतरली होती, ती पहिल्यापेक्षाही बारीक दिसत होती. पुढं दोन महिने तिला मीठ बंद होतं. अळणी भाकर, अळणी वरण. माय सगळ्यांसाठी आधी अळणी करायची आणि मग आम्ही वरून मीठ घ्यायचो. मी घेत नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायची, मला तसंच आवडतं. त्याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका. मला तिच्यासमोर मीठ खाता येत नव्हतं, एवढंच.

गुरुजींनी वसतिगृहाच्या बाईंना दोनदा पत्र लिहिलं आणि दिवाळीनंतर विमलला परत घेतलं. पेटी या वेळी बानं नेली. ती शिकली, डी.एड. झाली, परतूरकडं शाळेत लागली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. आता जालन्यात राहते आणि अधूनमधून माझ्याकडं येते. माझं शिक्षण चौथी ते चौथीच. ती चष्मा लावून पेपर अशी वाचते की पान उलटायच्या आत तिचं वाचून झालेलं असतं. मी अजून बोट ठेवून वाचते. मला तिचा अजूनही हेवा वाटतो. तिचं दुखलं-खुपलं तर मी रात्रीची जाईन, पण हेवा वाटतो.

बा गेला त्याच्या चौदाव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. कणगी, बाटली, परकर. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल, दोन्हीला मी तयार होते. ती म्हणाली, "तू माझ्याजवळ कधीच झोपायची नाहीस, आक्का. त्या महिन्यात रोज झोपलीस. मला वाटलं, मी जाणार म्हणून तुला माया आली. वसतिगृहात पहिले पंधरा दिवस मी तेच आठवून झोपायची." मग तिनं फडकं झटकलं आणि विचारलं, चहा टाकू का?

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

तेव्हाच मी तिला द्वारकाचं विचारलं, कार्डात लिहिलेल्या शेजारच्या मुलींत ती होती का. विमल म्हणाली, होती, पहिली तीच. तिच्याच गोधडीत विमल झोपायची. तिलाही घरी पाठवलं होतं. तिच्यासाठी पत्र लिहायला कुणी नव्हतं, ती परत आली नाही, दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं. पुढं कधीतरी बदनापूरच्या बाजारात विमलला ती भेटली होती, तीन लेकरं बरोबर, पडलेले दात आलेले.

म्हणजे त्या खरजेनं कुणी मेलं नाही. विमल जगली. बाळू जगला. माय आणि बा त्यानंतर खूप वर्षं जगले. द्वारका जगली. मीही आहे.